संस्थापकसत्ता : तंत्रज्ञान कंपन्यांच्या धनाढ्य संस्थापकांचा प्रभाव आणि त्यासंबंधीचे वाद

संगणक, इंटरनेट आणि त्यांवर आधारलेल्या सेवांच्या कंपन्या ज्यांनी उभ्या केल्या आणि त्यांतील हिश्श्यामुळे जे अतिश्रीमंत झाले, अशा व्यक्तींचा उद्योग, राजकारण, प्रसारमाध्यमे व सार्वजनिक सेवा यांवर पडणारा प्रभाव आणि त्यातून उद्भवलेले वाद, हा या नोंदीचा विषय आहे. संपत्तीमागोमाग सत्ता येते ही जुनीच गोष्ट असून पोलाद, तेल आणि रेल्वे यांच्या मालकांनीही ती भोगली आहे. तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांपैकी अनेकांनी मात्र बहुतांश भांडवल इतरांकडून घेऊनही निर्णयाचा अधिकार स्वतःकडेच राखला. त्यामुळे त्यांचा प्रभाव मोजताना संपत्तीच्या आकड्यापेक्षा मताधिकाराचा आकडा अधिक उपयोगी पडतो.

‘संस्थापक’ हे बिरुद वाटते तितके निर्विवाद नाही. टेस्ला ही कंपनी २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी स्थापन केली. इलॉन मस्क हे २००४ मध्ये गुंतवणूकदार आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष म्हणून तिच्यात आले. संस्थापक कोणाला म्हणावे यावरून पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २००९ च्या तडजोडीनुसार मस्क यांच्यासह पाच जणांना हे बिरुद लावण्याची मुभा मिळाली. एका शब्दासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, कारण गुंतवणूकदारांच्या लेखी संस्थापक हा नेमलेल्या व्यवस्थापकापेक्षा वरचढ असतो. या समजुतीच्या पुष्ट्यर्थ स्टीव्ह जॉब्स यांचे उदाहरण हमखास दिले जाते : १९८५ मध्ये संचालक मंडळाशी झालेल्या संघर्षानंतर ते ॲपलमधून बाहेर पडले, १९९७ मध्ये परतले आणि डबघाईला आलेली कंपनी त्यांनी पुन्हा उभी केली.

सत्ता राखण्याचे मुख्य साधन म्हणजे असमान मताधिकाराचे समभाग. गूगलने ऑगस्ट २००४ मध्ये भागविक्री केली तेव्हा जनतेला विकलेल्या प्रत्येक समभागाला एक मत होते, तर लॅरी पेज, सर्गेई ब्रिन आणि आतल्या इतर मंडळींकडील समभागांना प्रत्येकी दहा मते होती. तिमाही नफ्याच्या दडपणाखाली न येता दूरचा विचार करता यावा, असे समर्थन संस्थापकांनी दिले आणि दाखला दिला तो न्यूयॉर्क टाइम्स व वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्र कंपन्यांचा. संपादकीय स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी वृत्तपत्रमालक कुटुंबांनी वापरलेली ही युक्ती अशा रीतीने शोधयंत्राच्या कंपनीने उचलली. २०१४ मध्ये गूगलने मताधिकार नसलेला तिसरा वर्गही निर्माण केला. फेसबुकच्या २०१२ मधील भागविक्रीनंतरही मार्क झुकरबर्ग यांच्याकडे निम्म्याहून अधिक मते राहिली. स्नॅपचॅट चालवणाऱ्या स्नॅपने २०१७ मध्ये जनतेला विकलेल्या समभागांना तर एकही मत दिले नाही. माहिती-विश्लेषणाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पॅलंटिर या कंपनीने २०२० मध्ये बाजारात येताना केलेली तजवीज यांहूनही चमत्कारिक आहे : ठरावीक अटी पाळल्या गेल्यास तिच्या तीन संस्थापकांना एकत्रितपणे ४९.९९९९९९ टक्क्यांपर्यंत मते मिळत राहतील, मग त्यांनी आपले बरेचसे समभाग विकून टाकले तरी हरकत नाही.

या रचनेचे परिणाम मेटाच्या बाबतीत स्पष्ट दिसले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीचे नाव बदलून मेटा करण्यात आले आणि झुकरबर्ग यांनी आभासी विश्वाच्या कल्पनेवर प्रचंड खर्च सुरू केला. २०२२ मध्ये त्या विभागाचा तोटा १३.७ अब्ज डॉलर झाला आणि त्याच वर्षी समभागाची किंमत जवळजवळ दोन तृतीयांशाने घसरली. नाराज गुंतवणूकदारांना पत्रे लिहिता आली, समभाग विकता आले, परंतु प्रमुखाला बदलण्याचा मार्ग त्यांना नव्हता. पुढे भाव सावरला आणि नवा उच्चांकही गाठला, तेव्हा याच घटनेचा दाखला संस्थापकांच्या बाजूने देण्यात आला. ‘एका समभागास एक मत’ असा ठराव मेटाच्या वार्षिक सभेत वारंवार मांडला जातो. संस्थापकाची मते वगळली तर त्याला मोठा पाठिंबा असतो, आणि ती धरली की तो पडतो. अमेरिकेतील निवृत्तिवेतन निधी व अन्य संस्थात्मक गुंतवणूकदारांची संघटना अशा विशेष मताधिकाराला सात वर्षांची मुदत असावी असा आग्रह धरते. शेअर बाजारांमधील स्पर्धा मात्र उलट दिशेने खेचते. अलिबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीची संचालक-नियुक्तीची खास पद्धत हाँगकाँगच्या शेअर बाजाराने नाकारल्यावर ती कंपनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि २०१८ मध्ये हाँगकाँगनेच नियम सैल केले. भारतात सेबीने २०१९ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना अटींसह ही सवलत दिली.

विशेष मताधिकाराशिवाय प्रभाव राहत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टमध्ये आणि जेफ बेझोस यांच्या ॲमेझॉनमध्ये असमान मताधिकार नव्हता. इन्फोसिसच्या संस्थापकांचा हिस्सा अल्प होता आणि ते व्यवस्थापनातही नव्हते, तरी एन. आर. नारायण मूर्ती यांनी कारभारावर जाहीर टीका केल्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये मुख्याधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला.

सर्वाधिक गाजलेले वाद प्रसारमाध्यमांशी निगडित आहेत. बेझोस यांनी २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट २५ कोटी डॉलरना विकत घेतले. सुरुवातीची बरीच वर्षे ते संपादकीय कामापासून दूर राहिले. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीला दोन आठवडेही उरले नसताना, अध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा न देण्याचा निर्णय झाला आणि लक्षावधी वाचकांनी वर्गणी बंद केली. पॅलंटिरच्या संस्थापकांपैकी एक असलेले पीटर थील यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या खासगी गोष्टी छापणाऱ्या गॉकर या संकेतस्थळाविरुद्ध एका व्यावसायिक कुस्तीगिराने लावलेल्या खटल्याचा खर्च गुपचूप उचलला. ज्युरीने १४ कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि २०१६ मध्ये गॉकरची कंपनी दिवाळखोरीत गेली. खासगी आयुष्यात नाक खुपसणाऱ्यांना चाप बसला, असे थील यांचे समर्थक म्हणतात. गॉकर सभ्य होते असा दावा कोणी करणार नाही. तथापि न आवडणारे प्रकाशन कोणी पडद्याआडून बंद पाडू शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर ४४ अब्ज डॉलरना विकत घेऊन शेअर बाजारातून काढून घेतले, सुमारे निम्मे कर्मचारी कमी केले आणि बंदी घातलेली अनेक खाती पुन्हा सुरू केली. हे सर्व निर्णय कायदेशीर होते आणि ते अडवू शकेल असे कोणीही कंपनीत उरले नव्हते.

राज्यसंस्था या खासगी सेवांवर अवलंबून राहू लागल्याने प्रश्न अधिक अवघड झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तेथील संपर्कव्यवस्था स्पेसएक्सच्या स्टारलिंक उपग्रहांनी तगवली. त्याच वर्षी रशियाच्या ताब्यातील क्रिमियाजवळ ही सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती मस्क यांनी नाकारली. युद्ध भडकवण्यात कंपनी सहभागी झाली असती, असे त्यांनी नंतर सांगितले. निर्णय योग्य की अयोग्य हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी तो एका कंपनीच्या मालकाने घेतला ही गोष्ट उरतेच. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि २०२५ च्या आरंभीचे काही महिने त्यांनी ट्रम्प सरकारच्या खर्चकपातीच्या मोहिमेचे नेतृत्व केले. त्या काळात त्यांच्या कंपन्यांकडे सरकारी कंत्राटेही होती.

याच्या नेमके उलट चित्र चीनमध्ये दिसते. अलिबाबाचे जॅक मा यांनी २४ ऑक्टोबर २०२० रोजी शांघायमधील भाषणात वित्तीय नियामकांवर टीका केली. ३ नोव्हेंबरला अँट या अलिबाबाशी संलग्न वित्तीय सेवा कंपनीची जगातील सर्वांत मोठी ठरू पाहणारी भागविक्री स्थगित झाली, एप्रिल २०२१ मध्ये अलिबाबाला १८.२ अब्ज युआन दंड झाला आणि मा दीर्घकाळ लोकांसमोर फारसे आले नाहीत. तेथे संस्थापकाला आवर बसला खरा, पण तो न्यायालयात वाद-प्रतिवाद होऊन नव्हे. टेलिग्रामचे पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये झालेली अटक टेलिग्रामसारख्या मंचावरील गुन्हेगारी मजकुराबद्दल प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरावे का, या वेगळ्याच प्रश्नाशी संबंधित आहे.

दानधर्मही वादातीत नाही. गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने लसीकरण व मलेरिया नियंत्रणाला मोठा हातभार लावला आहे. मात्र हे प्रतिष्ठान जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक असल्याने आरोग्यातील अग्रक्रम कोण ठरवतो, अशी शंका घेतली जाते. प्रतिष्ठान २०४५ मध्ये बंद करण्याचे गेट्स यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केले.

संस्थापकावरील अंधविश्वासातून उघड फसवणुकीची प्रकरणेही घडली. थेरानोसच्या एलिझाबेथ होम्स यांच्याकडे कंपनीतील जवळजवळ सर्व मते होती. रक्तचाचणीच्या यंत्राबाबत गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल जानेवारी २०२२ मध्ये त्या दोषी ठरल्या.

नियंत्रण म्हणजे काय, याची कायदेशीर छाननी टेस्लाच्या प्रकरणात झाली. मस्क यांचे मानधन २०१८ मध्ये ठरले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे २२ टक्केच समभाग होते. तरीही त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा दबदबा आणि संचालकांशी असलेले निकटचे संबंध पाहता त्या व्यवहारापुरते कंपनीवर त्यांचेच नियंत्रण होते, असे टेस्लाची तेव्हा नोंदणी असलेल्या डेलावेअर या अमेरिकी राज्याच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ठरवले आणि सुमारे ५६ अब्ज डॉलरचे ते मानधन रद्द केले. टेस्लाने त्याच वर्षी आपली नोंदणी टेक्सासला हलवली. डेलावेअरने मार्च २०२५ मध्ये नियंत्रक भागधारकांना अनुकूल अशी कायदादुरुस्ती केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मानधन पुन्हा बहाल केले.