जुनी मॅन्युअल लेन्स घेण्याआधी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘ही रेअर आहे का हो?’ काउंटरवर लेन्स ठेवताच येणारा हा पहिला प्रश्न. खरं सांगायचं तर, दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी लेन्स एकेकाळी लाखांनी बनत होत्या. आज मिळत नाही ती स्वच्छ काचेची, रिंग सैल न झालेली, कुणी स्क्रू खरवडले नाहीत अशी लेन्स. पैसे मोजायचे ते तिच्यासाठी.

सगळ्यात जास्त मागणी असलेली हेलिऑस ४४-२ बघा. ५८ मिमी फोकल लांबी, एफ/२ म्हणजे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) जास्तीत जास्त उघडतं तो आकडा. तिचं मूळ जर्मनीतल्या कार्ल झाइस येना या कंपनीच्या बायोटार लेन्समध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर ती रचना सोव्हिएत कारखान्यांत गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कसह इतरही ठिकाणी झेनिट कॅमेऱ्यांसाठी हेलिऑस बनू लागली. लेन्सवर काचेतून किरण आरपार जातोय असं चिन्ह दिसलं, तर ती क्रास्नोगोर्स्कची. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचं वर्ष सांगतात. पार्श्वभूमी गरगर फिरवणारा तिचा परिणाम पाहिजे असेल तर एफ/२ वर ठेवा, माणूस जवळ उभा करा आणि मागे काही अंतरावर ऊन झिरपणारी झाडी येऊ द्या. फुल फ्रेम नसलेल्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात कडा कापल्या जातात आणि गरगरही कमी होते. अशा कॅमेऱ्यासाठी केवळ या परिणामापोटी हेलिऑस घेऊ नका, असंच आम्ही सांगतो.

टॉर्च लावून बघा

चोरबाजारात असो की ओळखीच्याकडे, मोबाइलचा टॉर्च लावल्याशिवाय पैसे देऊ नका. ॲपर्चर पूर्ण उघडा, दोन्ही टोप्या काढा, टॉर्च मागून तिरका धरा आणि समोरून आत बघा. लेन्स सावकाश फिरवत राहा. धुळीचे कण दिसणारच, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखा धूसरपणा असेल तर बहुधा जुन्या ग्रीसची वाफ काचेवर बसलेली असते आणि ती साफ होते. काचेच्या कडेला इंद्रधनुषी रंगाचा डाग दिसला, तर दोन काचा जोडणारा बाल्सम सुटला आहे. त्याची दुरुस्ती परवडत नाही, लेन्स परत ठेवा. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असला तर भाव पाडून घ्या. मागच्या काचेवर असेल तर दोनदा विचार करा, तो फोटोत लवकर दिसतो.

ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं की ग्राहक घाबरतात. हेलिऑस ४४-२ मध्ये पाती हाताने फिरवायची असतात. एका रिंगने आकडा ठरवायचा, दुसरीने पाती तिथपर्यंत बंद करायची. थोडं तेल असलं तरी तिचं काम चालतं. पण शटर दाबताच पाती आपोआप मिटणाऱ्या लेन्समध्ये तेच तेल पाती अडकवतं. तिथे साफसफाईचा खर्च धरूनच भाव करा.

तुमच्या कॅमेऱ्यावर बसेल का?

हेलिऑस, जपानी ताकुमार, जर्मन फ्लेक्टोगॉन अशा बऱ्याच लेन्सना एम ४२ हा ४२ मिमीचा आट्यांचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा) असतो. त्याचं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या माउंटमध्ये ते अनुक्रमे १८, १६ आणि २० मिमी. उरलेली जागा मधे बसणारी जोडरिंग, म्हणजे अॅडॉप्टर, भरून काढतो, म्हणून मिररलेसवर या लेन्स बिनधास्त चालतात. निकॉनच्या डीएसएलआरचं, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं, अंतर मात्र ४६.५ मिमी, म्हणजे मुळातच जास्त. तिथे साध्या अॅडॉप्टरने दूरचं फोकस होत नाही, आणि मधे काच घातलेले अॅडॉप्टर चित्र बिघडवतात. ते आम्ही विकत नाही.

लेन्स लावल्यावर शटर पडत नसेल तर कॅमेरा बिघडलेला नाही. मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय सुरू करा. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर तिथे लेन्सची फोकल लांबी, हेलिऑससाठी ५८ मिमी, हाताने भरा.

बुरशी आणि आपला पावसाळा

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, दोष दमट हवेचा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर राहते, तेव्हा कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सवर बुरशी सहज येते. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. ड्राय कॅबिनेट (आर्द्रता कमी ठेवणारं कपाट) नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्यात भागतं. जेलचा रंग बदलला की ती बदला. तांदूळ नकोत, त्याची पूड आत जाते. चामड्याची जुनी केस दिसायला सुंदर, पण ओल धरते. ती वेगळी ठेवा.

पिवळी पडलेली ताकुमार

सात काचांच्या सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियम किरणोत्सर्गी आहे आणि त्यानेच काच काळाबरोबर पिवळी पडते. कपाटात ठेवायला किंवा फोटो काढायला भीती नाही. मात्र ती काच घासू-पॉलिश करू नका आणि डोळ्याला लावायची भिंगं म्हणून वापरू नका. पिवळेपणा यूव्ही दिव्याखाली काही दिवसांत बराच उतरतो. उन्हात ठेवणार असाल तर कागद-कापडाजवळ नको. लेन्स ऊन एकवटून आग लावू शकते.

नावावर जाऊ नका

सोव्हिएत इंदुस्तार-२२ लेन्सवर जर्मन नाव कोरून ती लायका कॅमेरे बनवणाऱ्या लाइत्झची एल्मार म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. समोरून बघत ॲपर्चर मिटवा. खऱ्या ५० मिमी एफ/३.५ एल्मारमध्ये पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात, इंदुस्तारमध्ये दुसऱ्या काचेच्या मागे. कोरीव नावापेक्षा ही खूण जास्त विश्वासाची.

आमच्याकडे आणताना

तपासणीनंतर खर्चाचा अंदाज लेखी देतो. आत उघडल्यावर बुरशीने काचेवरचा चकाकी कमी करणारा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्लेलं निघालं तर काम थांबवून फोन करतो, कारण बुरशी साफ झाली तरी तो डाग राहतोच. कोटिंग नव्याने चढवण्याचं काम आम्ही घेत नाही. ग्रीस बदलून, पाती साफ करून दिलेल्या लेन्सवर मूळ क्रमांक आणि अक्षरं तशीच राहतात, पुन्हा रंगवत नाही. येताना दोन्ही टोप्या आणि वापरता तो अॅडॉप्टर सोबत आणा, म्हणजे दूरचं फोकस तुमच्यासमोरच तपासता येईल.