पेनड्राइव्ह एकदाच लावला, स्क्रिप्ट इतक्यांदा का चालली?

‘हाताने चालवली की चालते, पेनड्राइव्ह लावला की काहीतरी भलतंच होतं.’ लिनक्सवर हौसेने शेल स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिणाऱ्यांची ही नेहमीची रड. पेनड्राइव्ह खोचताच त्यातले फोटो आपोआप कॉपी व्हावेत, एवढंच हवं असतं. मग कुणी पोर्ट बदलून बघतं, कुणी मशीन रीस्टार्ट करतं. दसऱ्याला लॅपटॉपला झेंडू वाहायला माझी ना नाही, पण इथे उपयोग होतो तो फक्त नोंदी वाचण्याचा.

यूएसबी २ मध्ये साधन खोचलं हे पोर्टला कळतं ते व्होल्टेजवरून: डेटाच्या दोन तारांपैकी एक तार साधनाने दीड किलोओहमच्या रोधातून वर खेचलेली असते. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि त्याचं १८ बाइटचं वर्णन वाचतो. उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक त्यातच असतो. यानंतर कर्नल ‘नवीन साधन आलं’ अशी दवंडी पिटतो. ती ऐकून नियमांप्रमाणे तुमची स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम म्हणजे यूडेव्ह.

गंमत अशी की दवंडी एकदाच पिटली जात नाही. ‘यूडेव्हॲडम मॉनिटर’ ही कमांड चालू ठेवून पेनड्राइव्ह लावा. आधी यूएसबी साधन, मग त्याचा इंटरफेस, मग स्कझी होस्ट (डिस्कशी बोलणारा दुवा), मग डिस्क, मग तिचं पार्टिशन (डिस्कचा विभाग), अशा ओळी भराभर उमटतात. कर्नलच्या लेखी ही सगळी वेगवेगळी साधनं आहेत, एकाच्या पोटी दुसरं जन्मलेलं.

आता नियमाकडे बघा. त्यात ‘एटीटीआर’ लिहिलं तर यूडेव्ह फक्त त्या साधनाचा गुणधर्म तपासतो. ‘एटीटीआरएस’ लिहिलं तर तो त्या साधनापासून सुरुवात करून आई, आजी, पणजी असा वर चढत जातो. कुलवृत्तांतात ‘ज्यांचे पूर्वज गुहागरचे’ असं शोधलं की अख्खं खानदान हाती लागावं, तसंच हे. उत्पादकाचा क्रमांक यूएसबी साधनापाशी असतो, पण त्याखाली जन्मलेलं प्रत्येक पिल्लू त्या अटीत बसतं आणि प्रत्येकासाठी स्क्रिप्ट चालते. पहिल्या वेळी तर पार्टिशन जन्मालाच आलेलं नसतं, मग कॉपी कुठून होणार? नियमात ‘सबसिस्टम ब्लॉक’ (म्हणजे डिस्कसारखी साधनं) आणि ‘डेव्हटाइप पार्टिशन’ या अटी घातल्या की एका पार्टिशनमागे एकदाच स्क्रिप्ट सुरू होते. आणखी एक खोच आहे. दोन एटीटीआरएस अटी लिहिल्या, तर दोन्ही एकाच पूर्वजाने पूर्ण करायला हव्यात. एक आईची, एक आजीची, असं चालत नाही.

दुसरी भानगड परिसराची, म्हणजे प्रोग्रामला सोबत मिळणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची. तुमच्या टर्मिनलमधला होम, डिस्प्ले, लांबलचक पाथ यातलं काही या स्क्रिप्टला मिळत नाही. ती रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालते आणि तिने ‘एको’ने छापलेलं तुमच्या पडद्यावर येत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सगळं आउटपुट, चुकांसकट, एका फाइलीकडे वळवावं, चालणारी प्रत्येक कमांड दाखवणारं ‘सेट -एक्स’ लावावं आणि ‘एन्व्ह’ने सगळा परिसर छापून घ्यावा. त्या फाइलीत ‘ॲक्शन’ (काय घडलं), ‘सबसिस्टम’ (साधनाचा प्रकार) आणि ‘डेव्हनेम’ (साधनाचं नाव) दिसले की निम्मं काम झालं. ‘यूडेव्हॲडम टेस्ट’वर मात्र विसंबू नका, कोणता प्रोग्राम चालला असता ते ती सांगते, चालवत नाही.

सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर अशा स्क्रिप्टने केलेला माउंट, म्हणजे फोल्डरला जोडलेलं पार्टिशन, बाहेर दिसत नाही, कारण यूडेव्ह आपल्या खासगी माउंट-परिसरात राहतो. आणि लांबलेली कॉपी मध्येच मारली जाते. तेव्हा जड काम नियमातून ‘सिस्टमडी वॉन्ट्स’ लिहून वेगळ्या सर्व्हिसकडे सोपवावं.

पेनड्राइव्ह काढतानाचा नियम चालत नसेल, तर तिथेही एटीटीआरएसच पाहा. साधन गेलं की ते गुणधर्मही गेलेले असतात, तपासणार कशाचे? यूडेव्हने आधी टिपून ठेवलेला ‘आयडी व्हेंडर आयडी’, म्हणजे उत्पादकाचा क्रमांक, त्या वेळी वापरता येतो.