कोच चांगला की खेळाडू चांगले?

नोव्हेंबर २०२३मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच जिंबो फिशर यांना काढून टाकलं. करार मुदतीआधी मोडल्याची किंमत होती साडेसात कोटी डॉलरहून अधिक. याच फिशरनी २०२२मध्ये देशात पहिल्या क्रमांकाची मानली गेलेली नवोदितांची तुकडी जमवली होती, आणि त्याच हंगामात संघ ५ सामने जिंकून ७ हरला होता.

नुसत्या जय-पराजयावरून कोच जोखणं किती फसवं असतं हे आपल्याला नवीन नाही. प्रवेश परीक्षेने आधीच निवडलेली मुलं घ्यायची आणि निकालानंतर त्यांचे फ्लेक्स लावायचे, हे आपल्याकडचे क्लास दरवर्षी करतात. मुलं हुशार होती की शिकवणी चांगली होती, हे फ्लेक्सवरून कळत नाही.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ ज्यांच्यातून खेळाडू निवडतात, त्या शाळकरी खेळाडूंना पाच ताऱ्यांपर्यंत मानांकन मिळतं. त्यातून प्रत्येक संघाच्या गुणवत्तेचा एक आकडा काढता येतो. आडव्या अक्षावर ही गुणवत्ता, उभ्या अक्षावर विजय, आणि सगळ्या बिंदूंच्या शक्य तितकी जवळून जाणारी रिग्रेशनची रेषा. एवढ्या गुणवत्तेच्या संघाने साधारण किती सामने जिंकावेत, हे रेषा सांगते. प्रत्यक्ष विजयांतून ही अपेक्षा वजा केली की उरते ती बाकी. ही बाकी म्हणजेच कोचचं कौशल्य, असं बरेच जण धरून चालतात. तिथेच घोटाळा होतो.

नियमित हंगाम असतो अवघ्या १२ सामन्यांचा. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर निव्वळ योगायोगाने विजयांत पडणाऱ्या फरकाचं प्रचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचं माप) १२ × ½ × ½ = ३ येतं, म्हणजे त्याचं वर्गमूळ, प्रमाण विचलन, सुमारे १.७ विजय. अगदी सारख्याच वकुबाचे शंभर कोच घेतले, तरी त्यातले १९ जण आठ किंवा जास्त सामने जिंकतील, आणि त्यांच्या मुलाखती छापून येतील.

आता समजा, सगळ्या कोचच्या बाक्यांचं प्रचरण ४ आलं. त्यातले ३ योगायोगाचे, म्हणजे खऱ्या कौशल्याच्या वाट्याला उरला १. एकूण चारातला एक, म्हणून बाकीचा चौथा भागच खरा मानायचा. एखाद्याने अपेक्षेपेक्षा ४ सामने जास्त जिंकले, तर त्याच्या नावावर मांडायचा फक्त १. तीन हंगामांची सरासरी घेतली, की योगायोगाचं प्रचरण ३ वरून १ वर येतं, कौशल्याचं १ च राहतं, आणि आता निम्मी बाकी विश्वासार्ह ठरते. आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो किती सामन्यांतून आला, हे जास्त महत्त्वाचं. संख्याशास्त्रातली ही आकुंचनाची, म्हणजे टोकाचा आकडा सरासरीकडे ओढून घेण्याची कल्पना मला फार सुंदर वाटते.

पायगुणाची भाषाही इथेच निकाली निघते. कोचला काढतात बहुधा सर्वांत वाईट वर्षानंतर. अशा वर्षात दुर्दैवाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे पुढचं वर्ष कोणीही आलं तरी थोडं बरं जाण्याचीच शक्यता जास्त. ‘नव्या माणसाचा पायगुण’ तो हाच.

नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा २०२१चा हंगाम बघा. संघाने ३३५ गुण केले, २७२ दिले आणि तरीही ३ सामने जिंकून ९ हरला. एकही हार नऊपेक्षा जास्त गुणांची नव्हती. तीन विजयांतला एक तर ५६-७ असा होता. एवढंच पाहिलं तर कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना दुर्दैवी म्हणावं लागेल. पण नेब्रास्कातल्या त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत आठ किंवा कमी गुणांनी निकाल लागलेले सामने २७ होते, आणि त्यातले त्यांनी जिंकले फक्त ५. नाणेफेकीसारखी निम्मी-निम्मी शक्यता असती, तर इतकी वाईट कामगिरी होण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी. २७ सामन्यांनंतर दैवाकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. कोच निक सेबन यांनी अलाबामा विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्याकडची गुणवत्ता इतकी असे की रेषेची अपेक्षाच अकरा-बारा विजयांच्या आसपास जाते. मग बाकी उरायला जागाच कुठे? विजयांऐवजी गुणांचा फरक मोजला तर थोडी जागा मिळते. तरी एक गोष्ट सुटतेच: ते खेळाडू सेबन यांनी स्वतःच घरोघरी जाऊन आणलेले होते. माझ्या मते प्रत्येक कोचसमोर दोन आकडे वेगवेगळे मांडायला हवेत, गुणवत्ता किती जमवली आणि जमवलेल्यातून किती काढली. सेबन यांचा बहुतेक मोठेपणा पहिल्या रकान्यात दिसेल.