आत्महत्या-प्रथमसाहाय्य

आत्महत्येचा विचार करत असावा अशी ज्याच्याविषयी शंका येते त्या मित्राला, तज्ज्ञाची मदत मिळेपर्यंत जवळच्या माणसाने दिलेला आधार. तो उपचाराची जागा घेत नाही.

या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. आत्महत्या रोखण्यासाठी काढलेली न्यूयॉर्कमधील ‘सेव्ह-अ-लाइफ लीग’ ही संस्था १९०६ च्या सुमारास सुरू झाली. काही अभ्यासक लॉस अँजेलिसमध्ये १९५८ साली मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो प्रभृतींनी काढलेल्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्रापासून आरंभ मानतात. पण ते तज्ज्ञांचे केंद्र होते. चॅड व्हारा या धर्मगुरूंनी १९५३ मध्ये लंडनला दूरध्वनी सेवा सुरू केली (पुढे ‘समॅरिटन्स’). तेथे प्रत्यक्ष येऊन व्हारा यांच्या भेटीची वाट पाहणाऱ्यांशी साधे स्वयंसेवक बोलत बसत आणि पुष्कळांना तेवढ्यानेच हलके वाटे. मित्राने करायच्या मदतीचे मूळ इथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिली पायरी थेट विचारण्याची. ‘जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाहीस ना?’ या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर दडलेले असते आणि मित्र तेच देऊन मोकळा होतो. ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असे शांतपणे विचारावे व उत्तरासाठी थांबावे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. न्यूयॉर्कमधील शालेय विद्यार्थ्यांच्या २००५ च्या अभ्यासातही विचारल्यामुळे त्रास वाढल्याचे दिसले नाही. ‘आईबापांचा विचार कर’ असे म्हटले की अपराधीपणा वाढतो आणि बोलणे तिथेच तुटते.

उत्तर ‘हो’ आले, तर कसे, केव्हा, साधन हाताशी आहे का, हे विचारावे. बेत ठरलेला असल्यास क्षणभरही एकटे सोडू नये. आपत्कालीन सेवेला कळवावे किंवा सोबत रुग्णालयात जावे. साठवलेली औषधे, शस्त्रे त्याच्या संमतीने दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. तीव्र ऊर्मी बहुधा थोडा काळच टिकते. तेवढ्यात साधन हाती न लागणे जीव वाचवू शकते. ‘कुणाला सांगू नकोस’ याला होकार देऊ नये. घोर निराशेनंतर एकाएकी आलेली शांतता सुधारणाच असेल असे नाही. निर्णय झाल्याचेही ते लक्षण असू शकते.

‘असं करणार नाही’ अशी शपथ घेण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांची सुरक्षा-योजना आज अधिक ग्राह्य मानली जाते. धोक्याची चिन्हे, स्वतः करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागण्याजोगे आप्त, तज्ज्ञांचे क्रमांक आणि साधने दूर ठेवण्याची तजवीज, असे तिचे सहा टप्पे. ती शक्यतो तज्ज्ञाच्या साहाय्याने, मित्राच्याच शब्दांत लिहावी. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष जोखमीचे असतात. त्या काळात ठरलेल्या वेळी फोन करावा आणि ती वेळ चुकवू नये.