गोळी ‘गरम’ पडते म्हणून दूध? नको!

भातलावणी लागली की सिंधुदुर्गात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) धास्तीने डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी घरोघर येते आणि पाठोपाठ सल्लाही: “गोळी गरम पडता गो, दुधाबरोबर घे.” प्रेमाने दिलेला, पण चुकीचा.

दुधात कॅल्शियमचे आयन असतात. कुर्लीने डेंग्यात काडी धरावी तसा या औषधाचा रेणू आतड्यात त्यांना पकडून बसतो. ही जोडी रक्तात नीट शिरत नाही, शौचावाटे निघून जाते. या प्रक्रियेचं ‘कीलेशन’ हे नावही ग्रीक भाषेतल्या नांगीवरूनच आलंय. दुधामुळे डॉक्सीसायक्लिन साधारण 20 टक्के कमी शोषलं जातं, सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक तर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध (त्यात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं) याहून वाईट. त्यांच्यात आणि अँटिबायोटिकमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना जरूर विचारा.

सगळ्याच अँटिबायोटिक्सचं असं नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन दुधाबरोबर चालतं.

डॉक्सीने पोटात मळमळतं हे मात्र खरं. त्यासाठी पेज जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर कॅप्सूल घ्या. आणि लावणीने कंबर कितीही मोडली तरी लगेच आडवं होऊ नका. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.