कासरा की चाबूक? अंगावर थरथरणाऱ्या मार्गदर्शकांची पार्श्वभूमी

कातडीवाटे माहिती पोचवण्याचा खटाटोप जुनाच. १९५० च्या दशकात अमेरिकेत छातीवरच्या पाच कंपकांतून, म्हणजे थरथरणाऱ्या छोट्या यंत्रांतून, अक्षरं ओळखायला शिकवून झालं होतं. १९६९ मध्ये अंधांसाठी पाठीवर चारशे टोकं थरथरवणारी खुर्ची आली. पण या दोन्ही प्रयोगांत माणूस बसूनच होता. हालचालीला वळण लावायची गोष्ट खरी सुरू होते ती १९९० च्या दशकात, लष्करी वैमानिकांच्या जाकिटापासून. ढगांत शिरल्यावर तोल सांभाळणारा आतला कान फसवतो आणि वर-खाली कळेनासं होतं, तेव्हा धडाभोवतीच्या कंपकांनी ते सांगायचं. हेलिकॉप्टर उजवीकडे वाहू लागलं की उजवी कूस थरथरे आणि वैमानिक ते डावीकडे घेई.

२००५ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये कमरपट्ट्याने वाट दाखवण्याचे प्रयोग झाले. तिथे अर्थ नेमका उलटा होता: उजवीकडे थरथरलं तर उजवीकडेच वळा. त्याच काळात जर्मनीत सतत उत्तरेकडच्या बाजूला थरथरणारा पट्टा लोकांनी काही आठवडे वापरून पाहिला.

इथून जो घोळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. बैल कासऱ्याच्या ओढीने त्याच बाजूला वळतो आणि चाबकाच्या फटक्याने विरुद्ध बाजूला. दोन्ही स्पर्श वेगळे, म्हणून त्याचा गोंधळ होत नाही. कंपकाची थरथर मात्र एकाच जातीची. साधारण २५० हर्ट्झला (सेकंदाला २५० कंपनं) कातडी ती सर्वांत चटकन टिपते, जागा आणि जोर कळतो. तिच्याकडे जायचं की तिच्यापासून हटायचं, हे कंपनात कुठेच नसतं. २००९ मध्ये स्नोबोर्ड शिकणाऱ्यांवर झालेल्या जर्मन प्रयोगांतही या अर्थावरून मतं फुटली. तोल सावरण्याच्या अभ्यासांनी तर पेच वाढवला. काहीही न सांगता धडाला कंपन दिलं की उभा माणूस नकळत किंचित कंपनाकडेच झुकतो. मात्र ‘यापासून दूर व्हा’ असं आधी सांगून ठेवलं की हालचाल जास्त अचूक जमते! माझा कल उघड आहे: वाट दाखवायला कासरा, चूक सुधारायला चाबूक. प्रत्यक्षात बनवणारा कुठल्या क्षेत्रातून आला यावरच बहुधा निर्णय ठरत आलाय, आणि दोन उपकरणं वापरणाऱ्याला दोन उलट सवयी लावून घ्याव्या लागतात.

बाजारात आलेल्या वस्तूंनी हा वाद बगल देऊन टाळला. २०१४ च्या सुमारास हैदराबादेत बनलेल्या बुटांत ज्या पायाला थरथर त्या बाजूला वळायचं, प्रश्नच नाही. २०१५ च्या एका मनगटी घड्याळात एकाच मनगटावर डावं-उजवं दाखवणं भाग होतं, म्हणून ठेका वापरला: उजवीकडे वळायला सलग बारा टिचक्या, डावीकडे दोन-दोनच्या तीन जोड्या. (चालत्या माणसाने बारा मोजाव्यात ही अपेक्षा कुणाची, कोण जाणे.)

शिकवण्याच्या उपकरणांपुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती हालचालीला वळण लावणाऱ्या या सगळ्या उपकरणांहून जुनी. प्रत्येक प्रयत्नाला लगेच सूचना मिळाली की शिकणारा सूचनेवरच विसंबतो, हे निरीक्षण १९८४ मध्येच मांडलं गेलं होतं. म्हणून व्हायोलिनचा गज सरळ ओढायला शिकवणारं जाकीट हात ठरलेल्या वाटेवर असेस्तोवर गप्प राहतं. ज्यांच्या आतल्या कानाने तोल सांभाळणं कायमचं सोडलंय, त्यांना कमी सूचना देण्याचा हा नियम लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी तोल जाताना थरथरणारा पट्टा शिकवणारा नव्हे, त्या कानाच्या जागी काम करणारा असतो.