हिंस्र प्राण्यांचे पुनर्वसन

एखाद्या भागातून नामशेष झालेला मोठा मांसाहारी प्राणी तिथल्या जंगलात पुन्हा आणून वसवणे म्हणजे पुनर्वसन. पकडलेला प्राणी दुसऱ्या जंगलात नेऊन सोडणे हे निराळे, ते स्थलांतर. मुंबईला या फरकाची किंमत मोजावी लागली आहे.

स्पेन-पोर्तुगालमधला आयबेरियन लिंक्स, म्हणजे कानांच्या टोकाला काळ्या केसांचे झुबके असलेले आखूड शेपटीचे मोठे रानमांजर, २००२च्या सुमारास शंभराच्या आत उरला होता. २०२३ मध्ये पिल्लांसह संख्या दोन हजारांवर गेली. बंदिवासात जन्मलेली जनावरे सोडली गेलीच, पण सोबत सशांची संख्याही वाढवली गेली, कारण त्याचे पोट सशांवरच चालते. भक्ष्य नसेल, तर पिंजऱ्याचे दार उघडून काय साधणार?

भारतात राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ शिकारीने संपल्यावर २००८ मध्ये रणथंबोरहून वाघ आणले गेले. चित्ता १९५२ मध्ये देशातून नामशेष घोषित झाला होता. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. ते आफ्रिकी आहेत. इथला मूळचा आशियाई चित्ता आता फक्त इराणात तग धरून आहे.

साष्टीतला, म्हणजे मुंबईची उपनगरे ज्या बेटावर आहेत तिथला, वाघ गेला. बिबट्या मात्र मुंबईतून कधी गेलाच नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचे, भोवती इमारती. २००४ मध्ये इथे माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, बळी गेले. इतरत्र पकडलेले बिबटे उद्यानात सोडले जात होते, हे त्यामागचे एक मोठे कारण अभ्यासकांनी दाखवले. अनोळखी रानात सोडलेला बिबट्या तिथे थांबतोच असे नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा बिबट्या रेडिओ कॉलर, म्हणजे माग काढता येईल असा गळपट्टा, लावून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर आला. २०११ मध्ये अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. त्या वाटचालीबद्दल वाचताना आजही गलबलून येते.

आरेतल्या पाड्यांवर वारली माणसे वाघोबाला पूजतात. भोवतीच्या सोसायट्यांना वनखाते सांगते ते साधेच: कचरा उघडा टाकू नका, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नका.